कर्जतचा विकतचा शब्बाथ

जाहिरात माझ्या नणंदेनं पाठवली. लिआ निवृत्त नर्स आहे. सकाळचा चहा पिता पिता फोनवर जे दिसेल ते ती मला ढकलते: गुडघ्यांचे व्यायाम, मेथीचे फायदे, इस्रायलमधल्या भाचीच्या बाळाचे फोटो. त्या दिवशी आलं ते असं होतं: ‘शब्बाथ रिट्रीट. कर्जतच्या कुशीत, ज्यू अध्यात्माच्या प्रकाशात, स्वतःला नव्यानं भेटा.’ खाली धुक्यातला डोंगर आणि त्याच्याकडे तोंड करून मांडी घालून बसलेली एक सडपातळ बाई.

मी दोनदा वाचलं आणि माझं डोकं सणकलं. आम्ही बेने इस्रायली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या याच रायगड जिल्ह्यात राहिलेले, मराठीत भांडणारे आणि मराठीत रडणारे ज्यू. आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवारतेली म्हणायचे. तो शनिवार म्हणजेच शब्बाथ: शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम बंद. त्याला आजवर कधी तिकीट लागलं नव्हतं. इथे माणशी जी फी लिहिली होती, त्यात आमच्या घरचा महिन्याचा किराणा आला असता.

“वहिनी, आपल्याच धर्मातलं दुसरे काय शिकवतात ते बघू तरी,” लिआ म्हणाली. “आणि त्याच आठवड्यात तुमच्याकडे रंगारी येणार आहेत ना? त्या वासात कुठे बसता?”

रंगाच्या वासानं माझं डोकं दुखतं हे तिला ठाऊक आहे. शिवाय मला चुका काढायला आवडतात. सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली, ती सवय आता कुठे जाणार? आम्ही पैसे भरले.

डिसेंबरातल्या शुक्रवारी दुपारी लवकर जेवून ठाण्याहून निघालो. गाडी माझी, चालवणारी मी. सूर्य मावळायच्या आत पोचायचंच होतं, कारण शब्बाथ लागला की मी गाडी चालवत नाही, पैशाला हात लावत नाही, गॅस पेटवत नाही आणि फोन कपाटात ठेवते. लिआ याबाबतीत माझ्याहून सैल आहे, पण माझ्याबरोबर असली की निमूट पाळते. तुम्ही जाणार असाल तर शिळफाट्याला जाणारा वेळ धरूनच निघा. पनवेलच्या पुढे एक्स्प्रेसवे टाळून जुन्या मुंबई-पुणे हायवेनं चौकपर्यंत जायचं आणि तिथून डावीकडे कर्जतचा रस्ता धरायचा. टोल वाचतो आणि इर्शाळगडाचा सुळका मनसोक्त बघता येतो. चौकला एका टपरीवर वडापाव आणि चहा घेतला. वडा गरम होता, चटणीत लसूण होती, दोघींचं शंभराच्या आत भागलं. भातकापणी होऊन गेलेली, शेतात पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या आणि मोकळ्या झालेल्या खाचरांत वालाचे वेल वर आलेले. इथवर माझं कशाशीही भांडण नव्हतं.

फार्महाऊस पळसदरीच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून बरंच आत होतं. त्याचं नाव मी लिहिणार नाही. का ते पुढे कळेल. फाटकातच एका हसऱ्या मुलीनं वेताची टोपली पुढे केली. त्यात सगळ्यांनी आपापले फोन ठेवायचे होते. कल्पना मला मनापासून आवडली आणि तसं मी लिआला बोलूनही दाखवलं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी आधीच नाक मुरडून बसले होते.

रिट्रीट घेणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘सर’ म्हणत होते, मीही तेच म्हणते. चाळिशीचे, पांढरे लिननचे कपडे, आवाज इतका मऊ की मागच्या रांगेत ऐकू जाऊ नये. ते ज्यू नव्हते, याला माझी हरकत नाही. चांगली गोष्ट कुणीही शिकावी आणि शिकवावी. पण सूर्य मावळून मिट्ट काळोख झाल्यावर ते मंडपात आले, दिव्याची बटणं बंद करायला लावली आणि म्हणाले, “चला, आता आपण शब्बाथचे दिवे उजळू.”

अहो, शब्बाथ लागल्यावर आग पेटवायची नसते म्हणून तर दिवे उजेड असतानाच लावून ठेवतात! आम्ही दोघींनी आमचे खोलीत कधीच लावले होते, आमच्या घरी लावतात तसे, काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात. मी लिआकडे पाहिलं. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला, म्हणजे गप्प बसा.

जेवणात ‘ज्यू स्पेशल’ म्हणून बटर चिकन होतं. आम्ही मांसाबरोबर दूध, दही, लोणी काही घेत नाही. आमच्या मांसाच्या कालवणाला नारळाचं दूध लागतं. आम्ही आमचा डबा उघडला: नारळातलं कालवण, भात, चपात्या आणि मनुका भिजवून केलेलं सरबत, ज्यावर आम्ही शुक्रवारचा आशीर्वाद म्हणतो. शेजारच्या टेबलावरच्या पुण्याच्या एका काकांनी विचारलं, “तुम्ही डाएटवर का?” लिआ म्हणाली, “हो, फार जुन्या.”

शनिवारी सकाळी डोंगरावर ऊन उतरताना पाहिलं. समोर राजमाचीच्या बाजूची रांग, खाली पळसदरीच्या धरणाचं पाणी. ते बघण्यासाठी खुशाल जा. पहिल्या सत्रात सर ‘स्वतःसाठी थांबा’ या विषयावर बोलले. दुसऱ्यात सगळ्यांनी चटयांवर आडवं होऊन आपल्या मनातल्या गर्दीला निरोप दिला. मधूनमधून एक बाई गवती चहाचे पेले फिरवत होती. तीच नाश्त्याला घावन घालत होती. तीच दुपारी भाकऱ्या भाजत होती. प्रत्येक सत्राच्या शेवटी सर म्हणायचे, “आज कुणालाही काहीही करायचं नाहीये,” आणि ती त्यांच्यासमोरून खरकटे पेले उचलून न्यायची.

दुपारच्या जेवणानंतर आमची भांडी ठेवायला मी स्वयंपाकघरात गेले. ती बाई ओट्याशी उभी राहून परातीत भाजणी मळत होती आणि दर दोन मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. सुगंधा तिचं नाव. इथे सहा वर्षं स्वयंपाक करते. खिडकीत आणखी एक टोपली होती, त्यातही फोन होते.

“हे कुणाचे गं?” मी विचारलं.

“आमचे. मोरीवाली, माळी, मी, समद्यांचे. पाव्हन्यांना रिंगचा तरास नको म्हनून सायबांनी काढून घेतले.”

“आणि घड्याळात काय बघतेस सारखी?”

ती पीठ मळता मळताच म्हणाली, “आज माज्या पोरीचा साखरपुडा हाय, ताई. चारला.”

तेव्हा तीन वाजायला आले होते. तिचं गाव खालापूरच्या अलीकडे. मला वाटलं माझ्या ऐकण्यात गडबड झाली.

“मग तू इथं काय करतेस?”

“रजा घेतलीवती. दिवाळीच्या आदीपासनं सांगून ठेवलंवतं. दुसरी बाई येनार व्हती, ती आलीच नाय. मॅनेजर सकाळी बोलला, जेवनं उरकून जा. आता बोलतो, चारचं थालीपीठ करून जा. पाव्हन्यांसमोर तवा मांडायचा हाय. लाईव थालीपीठ.”

“निघून जा की सरळ!”

“मंग सोमवारपासनं येऊ नको बोलला. लगीन तोंडावर हाय, ताई. हातातलं काम कसं सोडू?” मग खिडकीतल्या टोपलीकडे बघून म्हणाली, “पोरगी बोलली व्हती, आई आल्याबिगर मी पाटावर बसनार नाय. ती फोन लावत आसंल आन्‌ माजा फोन बंद.”

मला जो संताप आला तो लिहिताना आत्ताही येतोय. शब्बाथ पाळायचा म्हणून या बाईचा फोन काढून घेतला होता. शब्बाथ पाळायचा म्हणून तिला तव्यासमोर उभं केलं होतं. सुट्टी सोडून शब्बाथचं सगळं तिच्या वाट्याला आलं होतं.

मी तरातरा मंडपात गेले. मागून लिआ “वहिनी, वहिनी” करत आली. मंडपात ‘मौन विश्रांती’ चालू होती. सगळे चटयांवर, डोळे मिटून, छातीवर ‘मौन’ लिहिलेली चिठ्ठी टाचलेली. सर हळू आवाजात सांगत होते, “हा दिवस म्हणजे तुम्ही स्वतःला दिलेली भेट आहे.”

“स्वतःला नाही हो!” मी म्हणाले. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तो तसाच आहे. “शब्बाथची आज्ञा नीट वाचली आहे का तुम्ही? तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा गडी, तुझी मोलकरीण, तुझं जनावर आणि तुझ्या दारात आलेला परका. सगळ्यांना सुट्टी. त्या यादीत बायकोचं नाव तेवढं राहिलंय म्हणून माझी आई जन्मभर कुरकुरली, पण मोलकरणीचं नाव आहे! आमचा घाण्याचा बैलसुद्धा शनिवारी सोडलेला असायचा. आणि तुमच्याकडे ती बाई पहाटेपासून राबतेय, तिच्या मुलीचा आज साखरपुडा आहे, आणि तुम्ही तिला थालीपीठ थापायला ठेवलंय?”

डोळे सगळ्यांचे उघडले. सर उठून जवळ आले. त्यांना खरंच माहीत नव्हतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, आणि त्यामुळे मला अधिकच राग आला.

“मॅडम, सुगंधाताई आमच्या फॅमिलीसारख्या आहेत,” ते म्हणाले.

“मग फॅमिलीतल्या मुलीचा साखरपुडा फॅमिलीला माहीत कसा नाही?”

“आपण हे क्लोजिंग सर्कलनंतर बोलूया का? आत्ता सगळ्यांची एनर्जी खूप वेगळ्या पातळीवर आहे.”

तोवर मॅनेजर धावत आला. त्यानं मला आधी काकू म्हटलं, मग मॅडम, मग म्हणाला की थालीपीठ पॅकेजमध्ये आहे, लोकांनी त्याचे पैसे भरलेत. मी म्हणाले, “आमच्याकडे शनिवारी शुक्रवारचंच जेवतात. दुपारच्या भाकऱ्या उरल्यात, त्या खा. तो अस्सल शब्बाथ होईल.” मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. पिवळा कुर्ता घातलेली एक मुलगी उठली, छातीवरची चिठ्ठी काढून ठेवली आणि म्हणाली, “मला भूकच नाहीये. जाऊ द्या ना त्यांना.” मग आणखी दोघं-तिघं तसंच म्हणाले. मॅनेजरनं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “हो, हो, जाऊ दे.” हे दोन शब्द सकाळी म्हणाले असते तर मी त्यांच्या पाया पडले असते.

सुगंधाला सांगायला गेले तर तिला रडूच फुटलं. “आता कशी जाऊ? खोपोली लोकल आताच गेली. दुसरी येऊस्तवर पाव्हनं उठून जातील.” फार्महाऊसची गाडी कर्जतला दूध आणायला गेली होती. रिक्षा इथवर येत नाही, टमटम मुख्य रस्त्यावर, तीही मिळाली तर. मी परत मंडपात जाऊन विचारलं, कुणी गाडी काढेल का? पुण्याच्या काकांनी छातीवरच्या ‘मौन’वर बोट ठेवलं. एका जोडप्यानं दुपारी वाइन घेतली होती. त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं, त्यांना मी दोष देत नाही. पिवळ्या कुर्त्यावाली बसनं आली होती. लिआला गाडी येत नाही.

राहिले मी. चावी शुक्रवारी संध्याकाळी पर्समध्ये टाकून पर्स बॅगेत कोंबली होती.

खोलीत लिआ दाराशी उभी होती. “वहिनी, शब्बाथ आहे.”

“माहीत आहे.”

“जीव वाचवायचा असेल तरच मोडता येतो.”

“तेही माहीत आहे. कुणाचा जीव जात नाहीये.”

“मग?”

माझे वडील पावसात भिजत चालत सिनेगॉगला जायचे, पण शनिवारी बसमध्ये चढले नाहीत. लग्नानंतर, मुलं आजारी असताना, नोकरीत बढतीच्या मुलाखतीच्या दिवशीसुद्धा मी तो दिवस सोडला नव्हता. माझ्याकडे स्वतःचं असं जे काही आहे, त्यातली ती एक गोष्ट. शास्त्रात बसेल असं कारण मी डोक्यात शोधलं आणि मला ते सापडलं नाही. ते सापडलं असं मी आजही म्हणणार नाही. बाहेर सुगंधा नवी साडी नेसून, पिशवी पोटाशी धरून उभी होती. तिच्या हातांना अजून भाजणीचा वास येत होता. मी बॅग उघडली आणि चावी काढली. लिआ मागच्या सीटवर जाऊन बसली.

कर्जत-खोपोली रस्ता अरुंद आहे. मध्येच गुळगुळीत काँक्रीट, मध्येच खड्डे, आणि वळणावर समोरून डंपर. सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या गाड्याही असतात. जपून चालवा. मी त्या दिवशी जपून चालवली नाही. सुगंधा शेजारी बसून टोपलीतून परत घेतलेला फोन लावत होती, तिकडे कुणी उचलत नव्हतं. दोन्ही हातांनी केस विंचरत, आरशात न बघता तिनं अंबाडा घातला.

लिआनं मागून सांगितलं, “वहिनींनी आजवर शनिवारी गाडी चालवलेली नाही हं.”

“का वो ताई?”

मी थोडक्यात सांगितलं. शनिवारी काम नाही, प्रवास नाही, आमचा देवाचा दिवस.

“अगं बाई. मंग आज का चालवताय?”

“राग आलाय म्हणून.”

ती हसली, दिवसभरात पहिल्यांदा. लिआला मात्र हसू येत नव्हतं. ती म्हणाली, “वहिनी, तुम्ही त्या सरांना चारचौघांत बोललात. माणसाला चारचौघांत खाली बघायला लावणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, असं आपल्यात म्हणतात. तुम्हीच मला शिकवलंत.”

“मग कानात सांगायला हवं होतं का? तोवर थालीपीठ झालं असतं.”

“ते मी कुठे म्हणतेय? पण तुमच्या त्या ब्लॉगवर नावं टाकू नका म्हणजे झालं.”

वाचकहो, म्हणून नाव नाही. कमेंटमध्ये विचारू नका.

गावात शिरताना मांडवातलं गाणं ऐकू आलं आणि मग ते बंद झालं. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, मोहोपाड्याहून आलेली नवऱ्याकडची माणसं त्यांच्यावर अवघडून बसलेली, कुणी उठून टेंपोकडे निघालेलं. गाडी थांबताच कुणीतरी ओरडलं, “आली गं आई!” घरातून हिरव्या शालूतली मुलगी धावत बाहेर आली. प्राजक्ता तिचं नाव. तिनं आईला मिठी वगैरे मारली नाही.

“फोन का बंद हाय तुजा?” ती किंचाळली आणि रडायलाच लागली.

“गप, काजळ पसरंल,” सुगंधा म्हणाली आणि स्वतःच्या पदरानं तिचे डोळे टिपू लागली.

नवऱ्याची आई खुर्चीतूनच म्हणाली, “आमी कवाचे बसलोय. पोरगी हाय का पोलीस, आई येईस्तवर बाहेर येत नाय म्हनते.” खरं कारण सांगायला मी तोंड उघडलं, तर लिआनं असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी दंड काळानिळा झाला होता. सुगंधा हात जोडून एवढंच बोलली, “गाडी नाय मिळाली, विहीनबाई. माफ करा.” मॅनेजरचं नाव नाही, सरांचं नाही, थालीपीठाचं नाही. माझ्यासारखीला हे बघवत नाही. पण मुलगी तिची होती आणि दिवस तिचा होता, म्हणून मी गप्प बसले.

मग सगळं भराभर झालं. सुगंधानं होणाऱ्या जावयाला ओवाळलं. नवऱ्याच्या आईनं पाटावर बसलेल्या प्राजक्ताची ओटी भरली, साखरेचा पुडा दिला, अंगठ्या झाल्या. पेढा भरवायची वेळ आली तेव्हा सुगंधानं इतक्या घाईनं हात पुढे केला की पेढा मुलीच्या हनुवटीला लागला आणि सगळं अंगण हसलं. आम्हा दोघींना पुढच्या खुर्च्या मिळाल्या. एका म्हाताऱ्या बाबांना कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं, तसे ते वाकून म्हणाले, “म्हंजे शनवारतेली का तुमी?” किती वर्षांनी तो शब्द मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. पोहे आणि बुंदीचा लाडू खाल्ला. पोह्यांवर खोबरं, कोथिंबीर आणि लिंबू, अगदी आमच्या घरच्यासारखे.

अंधार पडल्यावर अंगणाच्या कडेला जाऊन आम्ही चांदण्या मोजल्या. तीन दिसल्या की शब्बाथ संपतो. मी मोडलेला होता तरी तो संपायची वाट बघितली. निरोपाच्या वेळी आम्ही दिवा लावतो आणि काहीतरी सुवासिक हुंगतो. लिआनं सुगंधाकडे लवंगा मागितल्या. तिनं का म्हणून विचारलं नाही, मूठभर आणून दिल्या.

रात्रीच्या जेवणाआधी फार्महाऊसवर पोचलो. पिवळ्या कुर्त्यावाली म्हणाली की शब्बाथची सांगता पाच वाजताच झाली, सूर्य मावळायच्या आधीच. त्या उजेडात फोटो चांगले येतात म्हणून फोनही परत दिले होते. माझ्यातली बोलायची ताकद त्या दिवसापुरती संपली होती.

रविवारी सकाळी कुणाचा निरोप न घेता निघालो. परतताना मुद्दाम खोपोलीवरून आलो. घाटाच्या पायथ्याशी डोंगरावरून उतरणारे वीजकेंद्राचे ते जाडजूड पाइप लिआला दाखवायचे होते. खालापूरवरून जुना हायवे धरला तर रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो, दुपारनंतर मात्र नावच काढू नका. वाटेत मिसळ खाल्ली, तिखट होती. घरी रंगाचा वास अजून होताच.

तुम्ही विचाराल, जावं का? डोंगरासाठी जा, धरणासाठी जा. पण विश्रांती शिकायला कुठे जाणार असाल, कुठल्याही धर्माच्या नावानं असो, तर फी भरायच्या आधी एवढं विचारा की त्या दिवशी स्वयंपाकघरात कोण असेल आणि तिला सुट्टी कधी. उत्तर आलं नाही तर घरीच फोन बंद करून झोपा. सोमवारी सरांचा मेसेज आला: ‘तुमच्या शब्बाथ अनुभवाला पाचपैकी किती तारे द्याल?’ मी जे लिहिलं ते लिआनं पाठवू दिलं नाही.

माझं काय झालं, तर मला झोप लागेना. शनिवार मोडल्याचं वाईट वाटत होतं, आणि सुगंधा अंगणात उतरली ते आठवलं की वाटत नव्हतं. दोन्ही एकदम. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानना विचारलं. त्यांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, “एस्तेरबाई, परवानगी आधी मागतात. आता पुढच्या शनिवारी या म्हणजे झालं.” मी गेले, चालत.

मग गेल्या आठवड्यात सुगंधाचा फोन आला. मॅनेजरनं तिला काढलं होतं आणि दोनच दिवसांत परत बोलावलं होतं. दुसरी बाई अजूनही आलेली नाही.

“ताई, लग्नाची तारीख धरली. बेस्तरवार हाय. तुमी दोगी याच.”

“गुरुवारी? मुलाकडच्यांना रजा कशी मिळणार? कारखान्यात आहेत ना सगळे?”

“तेच भांडत व्हते. भटजीनं दोन मुहूर्त काढले, शनवारचा आन्‌ बेस्तरवारचा. समदे बोलले शनवार धरा, रविवारी सुट्टी हाय. दीर रुसला, विहीनबाई रुसली. मी बोलले, शनवार नको.”

“का गं?”

“तुमाला येता आलं नसतं.”

मी भडकले. खरोखर भडकले. हिला कुणी सांगितलं होतं? पोरीच्या लग्नाआधीच व्याह्यांशी वाकडं घ्यायचं, तेही माझ्यासारख्या एका दिवसाच्या ओळखीच्या बाईसाठी? मी तिला फोनवर चांगलं फैलावर घेतलं. “अगं वेडे, मी शनिवारी आले असते! एकदा आले होते ना?”

“म्हनूनच,” सुगंधा म्हणाली. “माज्यापायी येकदा मोडलात. दोनदा कशाला?”